सोनेरी टॅमरिन, पिंजरा आणि जंगल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गोल्डन लायन टॅमरिन हे ब्राझीलच्या रिओ द जानेरो राज्यातल्या किनारी जंगलात राहणारं, सोनेरी आयाळीचं, जेमतेम सहाशे ग्रॅम वजनाचं माकड. पिंजऱ्यात वाढवून जंगलात परत सोडलेल्या प्राण्यांची गोष्ट निघाली की याचं नाव हमखास येतं. त्याच नावाचा आधार घेऊन आता मार्मोसेटची, म्हणजे याच कुळातल्या आणखी छोट्या माकडांची, पिल्लं विकणारेही 'आम्ही संवर्धन करतो' असं सांगू लागले आहेत. बंदिस्त प्रजनन, पाळीव प्राण्यांचा धंदा आणि जंगल वाचवणं या तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ बहुतेक पत्रांत दिसते. म्हणून या वेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

हे खरंच माकड आहे की खारीची जात? फोटोत नख्या दिसतात. (डोंबिवली)

माकडच. या कुळात पायाचा अंगठा सोडून बाकी बोटांना चपट्या नखांऐवजी नख्या असतात, त्यामुळे गल्लत होते.

एका ठिकाणी 'जगात फक्त २००' असं वाचलं, दुसरीकडे ४,८००. खरं काय? (सातारा)

दोन्ही खरं, साल वेगळं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जंगलात दोनशेच्या आसपास उरल्याचा अंदाज होता. २०१४ साली ३,७०० झाले. मग २०१६ ते २०१८ मध्ये पीतज्वराची साथ आली आणि आकडा २,५१६ वर घसरला. २०२३च्या मोजणीत सुमारे ४,८०० आढळले. सालाशिवाय असा आकडा पुढे पाठवू नका.

पीतज्वर या माकडांपासून माणसांना होतो ना? मग लोकांनी ती मारली तर चूक काय? (नांदेड)

होत नाही. पीतज्वर डास पसरवतात. माकड माणसासारखंच त्याला बळी पडतं, आणि आधी मरतं. जंगलात माकडं मरू लागली की आसपासच्या गावांना लसीकरणाची वेळ झाल्याचं कळतं. माकडं मारणं म्हणजे तो इशाराच बंद करणं. २०२१ पासून ब्राझीलमध्ये टॅमरिनांना पकडून, माणसांचीच लस डोस ठरवून टोचतात आणि पुन्हा त्यांच्या झाडावर सोडतात. तीनशेहून जास्त टॅमरिनांना ती दिली गेली आहे.

आमच्या शहरातल्या एका विक्रेत्याकडे सहा आठवड्यांचं मार्मोसेटचं पिल्लू आहे. तो म्हणतो, हे पिंजऱ्यात जन्मलेलं म्हणून कायदेशीर, बाटलीवर वाढवलेलं म्हणून माणसाळलेलं, आणि पुढे जोडी लावली की प्रजातीही वाचते. घ्यावं का? (पुणे)

घेऊ नका. तीनही दावे चुकीचे आहेत.

पहिला, कायद्याचा. पिंजऱ्यात जन्मणं म्हणजे आपोआप कायदेशीर असणं नव्हे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्रजाती, म्हणजे सायटीस करारातल्या प्रजाती, चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४च्या नियमांनुसार असा प्राणी जवळ असणं, त्याला पिल्लं होणं, तो दुसऱ्याला देणं, तो मरणं, या सगळ्याची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विक्रेत्यानं छापून दिलेला 'जन्मदाखला' हा कागद आहे, परवाना नाही. आईबापांची नोंद आणि ती देशात कशी आली याचे कागद मागा. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात ते दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. आणि कुणी चक्क गोल्डन लायन टॅमरिन देऊ केला, तर सरळ वनखात्याला कळवा. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांतले हे टॅमरिन ब्राझील सरकारच्या मालकीचे आहेत आणि संग्रहालयांकडे केवळ सांभाळायला दिलेले असतात. ते विकायचा हक्क कुणालाच नाही.

आता 'सहा आठवड्यांचं' याविषयी. या दोन शब्दांवर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण सगळी हानी तिथेच होते.

टॅमरिन आणि मार्मोसेट कुटुंबात वाढतात. बहुधा जुळी होतात. जन्माच्या वेळी मार्मोसेटचं पिल्लू तीसेक ग्रॅमचं असतं, सोनेरी टॅमरिनचं साठेक ग्रॅमचं. टॅमरिनची आई पहिले दोन-तीन आठवडे त्यांना बहुतांशी स्वतःच वागवते. त्यानंतर बाप आणि मोठी भावंडं पिल्लं पाठीवर घेतात आणि दूध पाजण्यापुरती आईकडे देतात. सहाव्या आठवड्यात पिल्लू अजून पाठीवरच असतं. मोठ्यांच्या हातातला किडा किंवा फळाचा तुकडा ओढून खायला नुकतं शिकत असतं. अंगावरचं दूध सुटायला साधारण तीन महिने लागतात.

पण दूध सुटलं म्हणजे वाढ झाली असं नाही. खरं शिक्षण पुढे असतं, धाकट्या जुळ्यांना पाठीवर वागवण्याचं. पहिल्यांदाच पाठीवर पिल्लू आलेलं पोर दचकतं. अंग फांदीला घासून ते झटकायला बघतं, उलटसुलट वळतं, ओरडतं. दुसऱ्या विणीपर्यंत तेच पोर पिल्लू चढताना स्थिर बसतं, अंग चोरून खांदा पुढे करतं आणि देवाणघेवाण होईपर्यंत हलत नाही. हे कुणी शिकवू शकत नाही. कुटुंबात राहून, करूनच ते येतं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांतले सोनेरी टॅमरिन शंभराच्याही खाली होते आणि घटत चालले होते. पिल्लं जन्मत होती, पण तगत नव्हती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात डेव्हरा क्लायमन यांनी केलेल्या अभ्यासातून कारणं उलगडली. एका पिंजऱ्यात एकच प्रजननक्षम जोडी हवी. नुसत्या फळांऐवजी आहारात पुरेसं प्राणिज प्रथिन आणि ड-३ जीवनसत्त्व हवं. आणि पोरं लवकर वेगळी काढायची नाहीत. धाकटी भावंडं न वागवलेली जोडी स्वतःची पिल्लं टाकून देते, चावते, त्यांच्या शेपट्या कुरतडते. त्यानंतर पोरांना किमान एक, शक्यतो दोन विणी कुटुंबातच ठेवायचं ठरलं. म्हणजे साधारण दीड वर्ष. १९८०च्या दशकात संख्या पाचशेच्या घरात गेली, त्यात या एका नियमाचा वाटा फार मोठा आहे.

आता त्या विक्रेत्याकडे पाहा. सहाव्या आठवड्यात तोडून बाटलीवर वाढवलेलं पिल्लू मोठं होऊन जोडीत गेलं, तरी आईबाप होणं त्याला येणार नाही. त्याची पिल्लं मरतील किंवा तीही बाटलीवर येतील, आणि तीच पुन्हा 'माणसाळलेली' म्हणून विकली जातील. याला संवर्धन म्हणणं ही सरळ फसवणूक आहे. छातीला घट्ट बिलगलेलं पिल्लू पाहून माणूस विरघळतो. पण त्या वयात पकड सुटणं म्हणजे झाडावरून पडून मरणं, म्हणून ते जे मिळेल त्याला धरतं. दीड-दोन वर्षांचं झालं की तेच जनावर घरभर गंधखुणा करतं आणि कडकडून चावतं. मग सुळे काढायचा सल्ला मिळतो. तो देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

खऱ्या अडचणीतही पिल्लू कुटुंबातून तोडत नाहीत. तिळं झाली तर आईला दोघांनाच पुरेसं पाजता येतं. अशा वेळी तिघांना आळीपाळीनं काही तासांपुरतं बाहेर काढून, उबेत ठेवून, एक मिलीच्या सिरिंजनं थेंब-थेंब पाजतात, वजन करतात आणि परत आईबापाच्या अंगावर सोडतात. घाई केली तर दूध फुप्फुसात जातं आणि पिल्लू न्यूमोनियानं मरतं. म्हणून हेही अनुभवी पशुवैद्य शेजारी असल्याशिवाय करायचं नाही.

नातेवाइकांकडे मार्मोसेट आहे. केळं, दूध, बाळांचं तयार खाणं देतात. महिनाभर मागचे पाय ओढतंय. कॅल्शियमचे थेंब सुरू केलेत. किती दिवस वाट पाहावी? (कोल्हापूर)

एकही दिवस नाही. महिना आधीच वाया गेला आहे. आजच वन्यप्राणी किंवा परदेशी पाळीव प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

लक्षणं मुडदुसाची वाटतात, पण पाय मोडलेला असू शकतो, मणक्याला मार असू शकतो. क्ष-किरण चित्र काढल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांना ड जीवनसत्त्व ड-३ याच रूपात आणि जास्त प्रमाणात लागतं. ड-२ त्यांना फारसं उपयोगी पडत नाही. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन कामाचं नाही, कारण त्वचेत ड-३ तयार करणारे किरण काच अडवते. ड-३ नसेल तर कॅल्शियमचे थेंब पोटातून तसेच बाहेर जातात. केळ्यात कॅल्शियमपेक्षा स्फुरद जास्त, म्हणजे भर उलट्या बाजूला. पण दुकानातून ड-३ आणून अंदाजानं पाजायलाही जाऊ नका. जास्त झालं तर मूत्रपिंडात चुना साचतो. डोस रक्ततपासणी आणि वजनावरून ठरतो.

नेईपर्यंत फांद्या खाली आणा, तळाला जाड कापड घाला. हातापायाला धरून उचलू नका, हाड मोडेल. टॉवेल घातलेल्या छोट्या हवेशीर पेटीत न्या. काय, किती, कधी खातं ते लिहून न्या. नोंदणी झाली नाही म्हणून दवाखाना टाळू नका. ते प्रकरण वेगळं सोडवता येतं.

पुढचा आहारही पशुवैद्याकडूनच लिहून घ्या. मार्मोसेट जंगलात झाडाची साल कुरतडून डिंक खातं. म्हणून या गटासाठी बनवलेलं संतुलित तयार खाद्य, बाभूळवर्गातला डिंक, किडे, थोडं उकडलेलं अंडं असा पाया असतो आणि फळ चवीपुरतं. प्रथिनासाठी उंदराची पिल्लं खायला घालण्याचा सल्ला काही जण देतात. तो घातक आहे. उंदरातल्या विषाणूमुळे या माकडांना यकृतदाह होतो आणि त्यात ती दगावतात. घरात कुणाच्या ओठावर तापाच्या पुळ्या आल्या असतील, तर त्या माणसानं प्राण्याच्या जवळही जायचं नाही. माणसाला चार दिवस त्रास देणारा तो विषाणू मार्मोसेटचा मेंदू पोखरतो.

संकटग्रस्त प्रजातीला प्राणिसंग्रहालयात गर्भनिरोधक देतात असं वाचलं. हा विरोधाभास नाही का? (नागपूर)

नाही. सोनेरी टॅमरिनचं गर्भारपण सुमारे सव्वाचार महिन्यांचं. चांगल्या आहारावर पिंजऱ्यात वर्षाला दोन विणी होऊ शकतात, म्हणजे चार पिल्लं. सगळ्या जोड्यांना मोकळीक दिली तर चार-पाच वर्षांत जागा संपते. त्याहून वाईट म्हणजे दोन-तीन 'सुपीक' जोड्यांचीच संतती सगळीकडे भरते आणि बाकीच्यांचा वंश बुडतो. म्हणून प्रत्येक प्राण्याची वंशावळ एका आंतरराष्ट्रीय नोंदवहीत ठेवतात आणि ज्याचे नातेवाईक सर्वांत कमी आहेत त्याला आधी जोडीदार देतात. शंभर वर्षांनंतरही मूळ जनुकीय वैविध्यातलं ९० टक्के शिल्लक राहावं, हे अशा कार्यक्रमांचं नेहमीचं लक्ष्य असतं. बाकीच्या माद्यांना त्वचेखाली संप्रेरकाची कांडी बसवतात. ती फार काळ ठेवली तर गर्भाशयाचे विकार होतात, म्हणून कोणती कांडी, किती महिने, हे त्या प्रजातीच्या समन्वयकाला विचारूनच ठरवायचं.

किती पिल्लं झाली यावर कार्यक्रमाचं यश मोजू नका. कोणाची झाली ते विचारा.

प्राणिसंग्रहालयात काम करते. टॅमरिनच्या कुटुंबात आई मोठ्या मुलीचा पाठलाग करते. वेगळं करावं का? (नाव प्रसिद्ध करत नाही)

हो, लगेच. मुलगी वयात आली की आई तिला हाकलते. जंगलात ती निघून जाते, पिंजऱ्यात जायला जागा नसते. आयाळ फुलवून, पाठीची कमान करून चालणं, मुलीचं खाण्याच्या भांड्याजवळ न येणं, झोपायच्या पेटीबाहेर रात्र काढणं, या खुणा दिसल्या की थांबू नका. पहिली जखम झाल्यावर रात्रीत दुसरी होते आणि सकाळी मेलेली मुलगी सापडते. एकदा काढलेलं जनावर 'शांत झालंय' म्हणून परत घालू नका. कुटुंब त्याला परकं धरतं. वेगळं करेपर्यंत खाण्याची भांडी दोनऐवजी चार ठेवा, एकमेकांना न दिसणारी, आणि समन्वयकाकडे नव्या जोडीची मागणी आजच पाठवा.

पिंजऱ्यात जन्मलेल्यांना जंगलात कसं सोडलं? आधी प्रशिक्षण दिलं होतं का? (रत्नागिरी)

दिलं होतं, आणि ते फारसं कामी आलं नाही. या कार्यक्रमातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे.

जंगल झपाट्यानं जातंय हे १९६०च्या दशकापासून ब्राझीलचे माकडांचे अभ्यासक आदेल्मार कोइंब्रा-फिल्यू सांगत होते. १९७४ साली पोसो दास आंतास हे राखीव जंगल झालं. तिथे १९८४ मध्ये पहिले बंदिस्त टॅमरिन सोडले. त्याआधी त्यांना पिंजऱ्यात लपवलेलं अन्न शोधायला आणि फांद्यांवर फिरायला शिकवलं होतं. तरी बहुतेक मेले. पिंजऱ्यातल्या दांड्या पक्क्या बसवलेल्या असतात. जंगलातली फांदी पायाखाली वाकते, शेंडा झुलतो, उडी कुठून घ्यायची ते रोज बदलतं. हे टॅमरिन फांदी वाकली की थबकायचे, जमिनीवर उतरायचे, कुत्र्यांच्या तावडीत सापडायचे. जवळच असलेल्या झोपायच्या जागेकडे परत जाणं त्यांना जमत नसे. झाडांवर वाढणाऱ्या ब्रोमेलियाड वनस्पतींच्या पानांच्या बेचक्यात लांब बोटं घालून किडे आणि बेडूक काढायचे असतात, तेही ठाऊक नव्हतं.

वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातले संशोधक बेंजामिन बेक आणि सहकाऱ्यांनी मग पद्धत बदलली. १९८६ पासून तिथे कुटुंबं उघड्या झाडांवर मोकळी सोडली. झोपायला सहलीला नेतात तसली प्लॅस्टिकची बर्फपेटी, बाजूला भोक पाडून झाडाला टांगलेली. तीच पेटी सोबत ब्राझीलला गेली. सोडल्यानंतर अनेक महिने अन्न पुरवलं, हरवलेल्यांना शोधून पेटीत आणलं, जखमींवर उपचार केले आणि मदत हळूहळू कमी केली. प्रवासाआधी प्रत्येकाची तपासणी होई, कारण या बंदिस्त वंशात छातीच्या हाडामागे श्वासपटलात जन्मजात भोक असण्याचा दोष होता आणि तो जंगलात पसरवायचा नव्हता.

२००० सालापर्यंत १४६ बंदिस्त टॅमरिन सोडले गेले. त्यांतले बरेच पहिल्या दोन वर्षांत गेले. पण जे टिकले त्यांची जंगलात जन्मलेली पिल्लं पहिल्या दिवसापासून हलत्या फांद्यांवर वाढली आणि जंगलातल्याच पिल्लांसारखी तगली. आज जंगलात असलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश त्या सोडलेल्यांचे वंशज मानले जातात.

१९९४ पासून, एकट्या पडलेल्या जंगलाच्या तुकड्यांत अडकलेली सहा कुटुंबं, चाळीसेक टॅमरिन, उचलून रिओ राज्यातल्याच उनियाँच्या जंगलात नेली. तिथे १९९८ मध्ये राखीव क्षेत्र झालं. जंगलीच असल्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नाही. आता प्रश्न प्राण्यांचा नाही, सलग जंगलाचा आहे. १९९२ साली स्थापन झालेली मिको-लेआँव-दौरादो (या टॅमरिनचं पोर्तुगीज नाव) संस्था कुरणांमधून झाडांचे पट्टे लावून तुकडे जोडते. बीआर-१०१ महामार्गावर २०२० मध्ये वन्यजीवांसाठी झाडं लावलेला पूल झाला. किमान २५,००० हेक्टर जोडलेलं आणि संरक्षित जंगल, त्यात २,००० टॅमरिन, हे त्यांनी ठरवलेलं लक्ष्य आहे. तेव्हा 'आमच्याकडे जोडी आहे, जंगलात सोडू' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा: कोणत्या जंगलात?

आणि शौकिनांनी प्राणी सोडले की काय होतं तेही तिथेच दिसलं. ब्राझीलच्याच बाहिया राज्यातला सोनेरी डोक्याचा लायन टॅमरिन रिओजवळच्या नितेरॉय परिसरात खासगी संग्रहातून सुटला आणि वाढला. सोनेरी टॅमरिनशी त्याचा संकर होण्याचा धोका होता, म्हणून एकेक कुटुंब पकडून दूर हलवावं लागलं.

आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रात्री लाजवंती दिसते. हिचंही असंच प्रजनन करता येईल का? शेजारी म्हणतात, हिचे डोळे औषधी असतात. (काणकोण)

डोळ्यांत कसलंही औषध नाही. या थापेपायी आजवर लाजवंतींचे हाल झाले आहेत. लाजवंती, म्हणजे स्लेंडर लोरिस हे माकडांच्या नात्यातलं छोटं निशाचर जनावर, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं, ठेवणं, इजा करणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. शेजाऱ्यांना हे आजच सांगा.

प्रजननाचा विचार सोडा. तिचं गर्भारपण साडेपाच महिन्यांच्या आसपास, पिल्लं एक किंवा दोन, आहार मुख्यतः किडे. पिंजऱ्यात ती टिकवणं तज्ज्ञांनाही जड जातं. शिवाय तिला त्याची गरज नाही. लाजवंती उडी मारत नाही. एका फांदीवरून दुसरी हातात येईल तेव्हाच पुढे जाते. दोन झाडांमधलं अंतर वाढलं की तिला जमिनीवर उतरावं लागतं किंवा विजेच्या तारेवर चढावं लागतं, आणि तिथे ती मरते. तमिळनाडूनं दिंडुक्कल आणि करूर जिल्ह्यांत २०२२ मध्ये कडवूर इथे तिच्यासाठी ११,८०६ हेक्टरचं अभयारण्य केलं, तेही जागेवरच राखण्यासाठी.

कुळागराच्या कडेची झाडं एकमेकांना टेकलेली राहू द्या. कुंपणावरची झुडपं साफ करताना एक सलग ओळ सोडा. कीटकनाशक मारण्याआधी कृषी अधिकाऱ्यांशी बोला. किडे गेले की तिचं खाणं गेलं. पांढरा टॉर्च तिच्या डोळ्यांवर धरू नका, काचेवर लाल जिलेटीन कागद लावा. जखमी सापडली तर हाताला जाड टॉवेल गुंडाळून उचला, ती चावते. भोकं पाडलेल्या खोक्यात तिला धरून बसायला एक आडवी काठी घाला, वर कापड टाकून अंधार करा. दूध, केळं, पाणी काही पाजू नका. खोकं शांत जागी ठेवून गोवा वनखात्याला फोन करा. महाराष्ट्रात असाल तर १९२६.